मौजे हात

२ डिसेंबर, सोमवार

थंडी सुरू झाली. मुदखेडच्या रेल्वे फाटकापाशी स्कूटर उभी केली तेव्हा उजव्या हाताची बोटं खडूसारखी पांढरी पडली होती. दरवर्षीचं दुखणं आहे. डॉक्टर म्हणतात, बोटांच्या नसा गारठ्याला घाबरतात, हात जपा. रोज नांदेडहून स्कूटरवर फाटकापलीकडच्या कार्यालयात जाणाऱ्याने हात कसे जपायचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

खुर्चीत बसलो आणि पहिला दाखला सहीसाठी पुढे आला. 'श्री' जमला, 'मंत' कागदाबाहेर गेला. पेन खाली ठेवलं. बाहेर माणसं ताटकळत होती. शिपाई नरसिंग दारात जाऊन म्हणाला, "जरा दम धरा. सायबाचे हात गरम झाल्याबिगर सही होत न्हाई."

मला हे आवडलं. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असली थाप नाही. खरं कारण सांगितलं की जनता समजून घेते. आजही घेतलं. सगळे एकमेकांकडे बघून माना हलवत होते. चांगुणाबाई नावाची एक विधवा बाई नवऱ्याच्या जमिनीवर वारस म्हणून नाव लावायला आली होती, तेवढी मात्र पदर झटकून निघून गेली. घाईत असावी.

५ डिसेंबर, गुरुवार

आमच्या लेकीचा, तनुजाचा, लातूरहून फोन. ती तिथे एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. त्याच क्लासमध्ये शिवम भौतिकशास्त्र शिकवतो. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आहे, आम्ही दोघांनी शिवमला पसंत केलं आहे, आणि सगळं अडलं आहे ते त्याच्या वडिलांच्या होकारावर. गुरुबसप्पांचं लातूरच्या बाजारात डाळीच्या आडतीचं दुकान आहे. दिवाळीपासून ते 'बघू' म्हणत आहेत.

काल ते शिवमला म्हणाले म्हणे, "श्रीमंतराव लई सरळ माणूस हाय असं ऐकतो. इचार करावा लागंल."

मला धन्य वाटलं. माझं नाव लातूरपर्यंत गेलं आहे.

बायको, तारामती, भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, ते कौतुक नव्हतं."

"मग काय होतं?"

"एवढी वर्षं साहेब आहे अन् अजून स्कूटरवर हाय, त्याला सरळ म्हणत्यात." आईवडिलांनी नाव श्रीमंत ठेवून त्यांचं काम केलं, पुढचं मी काही केलं नाही, असं तिचं जुनं म्हणणं आहे.

८ डिसेंबर, रविवार

शिवम येऊन गेला. माझ्यासाठी भेट आणली: बॅटरीवर गरम होणारे हातमोजे. मागच्या वर्षी तो काश्मीरला बर्फावर घसरायला शिकायला गेला होता. (पाटावर उभं राहून मुद्दाम घसरतात, त्याचे पैसे द्यावे लागतात.) पहिल्याच दिवशी पाय मुरगळला, तेव्हापासून हातमोजे कोरेच होते.

वस्तू बघण्यासारखी आहे. काळे, फुगीर, मनगटाच्या वर येतात. मनगटापाशी चेन उघडली की आत बॅटरीचा कप्पा. हाताच्या पाठीवर बटन. दाबून धरलं की लाल दिवा लागतो, म्हणजे जास्त. पुन्हा दाबलं की पांढरा, म्हणजे मध्यम. पुन्हा दाबलं की निळा, म्हणजे कमी.

"काका, स्कूटरवर लालवर ठेवा. ऑफिसात निळा पुरे," शिवम म्हणाला.

तारामतीने एक हात घालून पाहिला आणि लगेच काढला. "उष्ण पडतील. रोज रात्री सब्जाचं पाणी पीत जा." मग शिवमला म्हणाली, "बाबा रे, हे जावयाला सासऱ्यानं द्यायचं असतंय. तू उलटंच करून राहिलास."

शिवम लाजला. पोरगा चांगला आहे. गुरुबसप्पांनी लवकर काय ते ठरवावं. तनुजा बोलत नाही, पण हल्ली फोनवर हवापाण्याच्या गोष्टी फार करते.

९ डिसेंबर, सोमवार

यश. फाटकापाशी बोटं शाबूत. लाल दिवे लागलेले हात हँडलवर बघून दोन ट्रॅक्टरवाल्यांनी पोलिस समजून आपणहून बाजू दिली. अडचण एकच, हॉर्नचं बटन सापडत नाही.

कार्यालयात बसल्या बसल्या सह्या सुरू केल्या. दुपारच्या आत सगळे दाखले संपले. लोक थक्क. मी बाहेर जाऊन सर्वांसमोर स्वच्छ सांगितलं, "आता कोणी ताटकळणार नाही. माझे हात गरम होण्याची कायमची व्यवस्था झाली आहे. तीन पातळ्या आहेत. कमी, मध्यम आणि जास्त."

मागून कोणीतरी म्हणालं, "निदान सांगतो तरी तोंडावर."

पारदर्शकतेची लोकांना किती भूक आहे, ते आज कळलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

कंधारकडून आलेला एक शेतकरी टेबलाशी वाकून हळू आवाजात म्हणाला, "सायेब, माझ्या कामाला लाल लागंल का निळं?"

साध्या माणसाला यंत्राबद्दल एवढी उत्सुकता. मी म्हणालो, "ते थंडीवर आहे. सोमवारी लाल लागलं होतं. आज निळ्यावर भागेल."

त्याचा चेहरा खुलला. "लई उपकार झाले बगा. घरी बाजरी बी नीट झाली न्हाई औंदा." बाजरीचा संबंध कळला नाही, पण मी सहानुभूती दाखवली आणि सही केली. जाताना त्याने करडईच्या तेलाचा डबा टेबलाखाली सरकवला. मी तो त्याच्या हातात परत दिला आणि म्हणालो, "मला काही लागत नाही. काही असेल तर नरसिंगशी बोला." पाणी कुठे आहे, बस किती वाजता आहे, असल्या चौकशा नरसिंगकडेच कराव्या लागतात, म्हणून.

नरसिंगच्या सायकलला हल्ली दोन्ही बाजूंनी पिशव्या असतात. हरभऱ्याचे ढाळे, केळी, मेथी. त्याने कुठे मळा बटईने केलेला दिसतो. नोकरी सांभाळून शेती करणारा माणूस मला आवडतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

रात्रभर लाईट नव्हती. हातमोजे भरलेच नाहीत. सकाळी बोटं पुन्हा खडू.

नेमक्या चांगुणाबाई आल्या. मी खरं ते सांगितलं, "बाई, आज माझे हात गार आहेत. उद्या या."

त्या टेबलावर दोन्ही मुठी टेकून उभ्या राहिल्या. "किती येळा येऊ? तुमचे हात गरम कराया माझ्यापाशी काय राहिलंय आता? व्हतं ते देऊन बसले."

मला वाईट वाटलं. केवढी ही कळकळ. मी म्हणालो, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेता? माझ्या हातांचं मी बघतो. शिवाय होणाऱ्या जावयाने सोय करून दिली आहे."

"जावई बी सामील हाय व्हय," असं म्हणून त्या गेल्या. मी नरसिंगला त्यांना चहा द्यायला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचं आणि माझं बोलणं झालंय, सायेब, तुमी ध्यान देऊ नका."

२१ डिसेंबर, शनिवार

एक बदल नोंदवण्यासारखा आहे. लोक माझ्याशी बरे वागू लागले आहेत. इतकी वर्षं मी आलो की कार्यालयातल्या गप्पा थांबत. आता मोठे बाबू स्वतः खुर्ची पुढे करतात. काल म्हणाले, "उशिरा का होईना, तुम्ही माणसांत आलात." आमच्या गल्लीतला ठेकेदार, जो कधी मान वर करत नसे, त्याने आज माझी स्कूटर पुसून दिली.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. दुपारी गुरुबसप्पांचा स्वतःहून फोन.

"श्रीमंतराव, तुमच्याबद्दल आमाला निराळंच सांगितलं व्हतं बगा. आता मुदखेडकडचं एक गिऱ्हाईक आलतं, त्यानं खरं काय ते सांगितलं."

"काय सांगितलं?"

"हेच की माणूस येवहारी हाय. येळवशीला रानात या समदे. बसून बोलू."

तारामतीला सांगितलं. ती पोळपाट तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला व्यवहारी म्हणाले? तुम्हालाच?"

सरळपणाला उशीर होतो, पण फळ येतं.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. लातूरजवळ गुरुबसप्पांच्या शेतात गेलो. आज सगळा जिल्हाच रानात असतो, रस्ते ओस आणि शेतं भरलेली. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केली होती, आत लक्ष्मी आणि पांडव मांडले होते. भज्जी, उंडे, खीर, तिळाची पोळी आणि मडक्यातली आंबिल. भज्जी अशी की माणसाने इतर पालेभाज्यांची माफी मागावी.

जेवणानंतर गुरुबसप्पांनी मला बाजूला घेतलं.

"दिवस गारठ्याचे हाइत. हात गरम असलेले बरे, न्हाई का?"

"त्याशिवाय कामच होत नाही," मी म्हणालो.

ते खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "शिवमच्या मामाचं एक काम तुमच्या हद्दीत अडकलंय. घरचाच माणूस हाय. निळ्यावर भागवा."

मी पिशवीतून हातमोजे काढून त्यांच्यापुढे धरले. "निळा कशाला, मामांना हे दोन दिवस घेऊन जाऊ द्या. लालवर वापरा म्हणावं."

गुरुबसप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, "काय माणूस हाव हो तुमी. दाखवायला खरेच मोजे शिवून ठिवले की!" आणि तडक कोपीत जाऊन लक्ष्मीसमोर नारळ फोडला. "पोरगी घेतली, पोरगा दिला. सव्वीस जानेवारीला साखरपुडा. सुट्टी बी हाय."

तारामतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तनुजाने मात्र मला बांधावर गाठलं. "अप्पा, तुम्ही ऑफिसात लोकांना नेमकं काय सांगता?" मी शब्दन् शब्द सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी विचारलं, काय झालं? ती बराच वेळ शिवमकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही. साखरपुड्यानंतर सांगते. तोवर तुम्ही फार बोलू नका."

मुली लग्न ठरलं की हळव्या होतात.

६ जानेवारी, सोमवार

वरून पत्र आलं. विषय: 'मौजे हात येथील गरम करण्याच्या गैरप्रकाराबाबत चौकशी करणे'. आमच्या कारभारात प्रत्येक गावाच्या नावाआधी 'मौजे' लिहितात, त्यामुळे मौजे हात हे गाव असणार. पण मला ते ठाऊक नाही. नकाशा काढला, मोठ्या बाबूंना विचारलं. हाटकरवाडीसारखं काही असेल म्हणून ओढ्यापलीकडेही जाऊन आलो. एका पारावर विचारलं, "हात कुठे आहे?" म्हाताऱ्याने स्वतःचा वर करून दाखवला.

नरसिंग आज रजेवर. पोट बिघडलं म्हणे.

९ जानेवारी, गुरुवार

अहवाल पाठवला: 'सदर नावाचे गाव आढळून आले नाही. गाव आढळून न आल्याने गैरप्रकारही आढळून आला नाही.' मुद्देसूद झाला आहे.

२० जानेवारी, सोमवार

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो, कारण अजून माझंच मला नीट बसलेलं नाही.

सकाळी जीप आली. वरच्या कार्यालयातून सुकन्या मॅडम चौकशीला आल्या होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, "चार गावं फिरले. मौजे हात नाहीच. मग मूळ तक्रार काढून वाचली. त्यात 'हातमोजे' आहे. आमच्या टंकलेखकाचा हात जन्मभर 'मौजे' लिहून त्याच वळणावर गेलाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याविरुद्धची चौकशी तुम्हीच केलीत, आणि स्वतःला गावासकट निर्दोष सोडलंत."

समोर चांगुणाबाई बसल्या होत्या. तक्रार त्यांची.

"हात गरम झाल्याशिवाय तुम्ही सही करत नाही, हे खरं?"

"खरं आहे, मॅडम. हिवाळ्यात शक्यच नाही."

लिहून घेणारा बाबू थांबला.

"कधीपासून चाललंय हे?"

"नोकरीला लागल्यापासून. आधी चहाच्या कपावर भागवत होतो. आता तीन पातळ्या आहेत."

"बघितलं?" चांगुणाबाई म्हणाल्या. "तोंडानं कबूल करून राहिला."

मॅडमनी चष्मा काढला. "साहेब, 'हात गरम करणे' म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे ना?"

"शेकणे."

"लाच देणे. पुण्याकडे हात ओले करतात. इकडे थंडीत ओलं कोणाला चालणार, म्हणून गरम. सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तुम्हाला कसं नाही?"

"माझ्यासमोर हे कधी कोणी बोललंच नाही, मॅडम."

मी हातमोजे टेबलावर ठेवले. बटन दाबलं. लाल, पांढरा, निळा. मॅडमनी एक हात घातला, मग दुसरा. जीपमधून आल्या होत्या, गारठल्या असाव्यात. खिडकीपाशी जाऊन त्या थोडा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. खोकला असावा.

चांगुणाबाई उठल्या आणि त्यांनी हातमोजा बाहेरून चाचपला. "आगं माय. ह्यो खराच गरम हाय की." मग वळल्या. "नरश्या! म्हंजे माझ्या दोन कोंबड्या कुणी गिळल्या?"

नरसिंग भिंतीला चिकटला होता. "मी काय मागितलं न्हाई. सायेब जे म्हनले तेच बाहेर सांगितलं. लोक देऊन राहिले, मला न्हाई म्हनता येईना."

"कोंबड्या?" मॅडमनी विचारलं.

"एक हाय. एक संपली."

मॅडम म्हणाल्या, नरसिंगची चौकशी वेगळी होईल, तोवर बाईंचं काम आत्ता, माझ्यासमोर करा. कागद आणला. पेन उचललं, पण बोटं पांढरी. हातमोजे मॅडमच्या हातांत होते. "हे आता मुद्देमाल आहेत," त्या म्हणाल्या आणि काढले नाहीत.

पहिला 'श्री' सुद्धा वाकडा गेला. चांगुणाबाईंनी बघितलं, च्च केलं आणि टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "आणा हिकडं." माझे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले आणि भाकरीचं पीठ मळावं तसे चोळू लागल्या. तळवे विळ्यामुळे घट्टे पडलेले, पण चुलीसारखे ऊबदार. लिहून घेणाऱ्या बाबूने मॅडमना विचारलं, "हे लिहू का? 'अर्जदाराने साहेबांचे हात गरम केले आणि सही झाली'?"

"लिहा," मॅडम म्हणाल्या. "खरं आहे ते लिहा."

सही सुरेख झाली. जमिनीवर चांगुणाबाईंचं नाव लागलं.

२१ जानेवारी, मंगळवार

रात्रभर एकच विचार. लोक इतके दिवस मला लाचखाऊ समजत होते. म्हणजे ही अफवा लातूरलाही गेली असणार. गुरुबसप्पांच्या मनाला किती यातना झाल्या असतील, आणि तरी त्या भल्या माणसाने एका शब्दाने विचारलं नाही. त्यांना आधी मोकळं करायला हवं.

तनुजाचा सकाळीच फोन. "अप्पा, सव्वीस तारखेपर्यंत लातूरला काही कळवू नका. माझी शपथ आहे."

"खरं सांगायला मुहूर्त लागतो का?"

"या वेळी लागतो," ती म्हणाली. आवाज रडवेला होता. पण होणाऱ्या व्याह्यांना अंधारात ठेवून मुलीचा संसार उभा करणं मला जमणार नाही, असं मी तिला सांगितलं. तिने फोन ठेवला.

त्यानंतर माझा मोबाईल सापडेना. तारामतीने चुकून तो पिठाच्या डब्यात ठेवला होता. पुसून लावला.

"व्याहीबुवा, माझ्याबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल," मी सुरुवात केली.

"आलंय की. त्याच्यावरच तर सगळं..." ते थांबले.

"ते साफ खोटं निघालं. चौकशी झाली. मी आजवर कोणाचा एक दाणा घेतलेला नाही."

"एक बी दाणा न्हाई?"

"नाही."

"मग ते लाल, निळं?"

"दिवे आहेत. हातमोज्यांचे. मी तुम्हाला दाखवले होते की."

पलीकडे हमालांचा आवाज येत होता. कोणीतरी पोती मोजत होतं. तारामती दाराला धरून उभी होती.

"अन् मामाचं काम?"

"नियमात असेल तर आपोआप होईल. मामांनी फक्त रांगेत उभं राहावं."

"म्हंजे," गुरुबसप्पा सावकाश म्हणाले, "तुमी खरंच सरळ हाव."

"पहिल्यापासून."

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणालो. मग एक लांब श्वास ऐकू आला.

"श्रीमंतराव, शबूद दुसरीकडं कुटं दिला असता तर बगितलं असतं. येळवशीला कोपीत, लक्ष्मीच्या म्होरं नारळ फोडून दिलाय. तो फिरवला तर रान पिकत न्हाई. आता काय करता. या सव्वीसला."

"येतो," मी म्हणालो. "माझंही मन तुमच्यासारखंच भरून आलं आहे."

तारामती दारातच खाली बसली आणि पदरात तोंड घालून हसू लागली. मग स्वतःच्या मोबाईलवरून तनुजाला फोन लावून नुसतं "हाव म्हनले" एवढं सांगितलं आणि पुन्हा हसू लागली.

गुरुबसप्पांनी अजून फोन ठेवला नव्हता. बोलतही नव्हते. एवढ्या भारावलेल्या माणसाला मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीही तसाच कानाला लावून उभा राहिलो.